मदत हवी आहे : संकुलाच्या ट्रकांचा हिशेब कसा तपासायचा?

नमस्कार मंडळी. बेळगावात टिळकवाडीत आमच्या गल्लीला लागून दुकानं, गोदाम आणि फ्लॅटचं मोठं संकुल येतंय. बिल्डरचा वाहतूक अहवाल हाती आलाय, पण त्यात सगळी वाहनं एकत्र मोजून दिवसाची सरासरी काढलीय. मला हे पटत नाही. आयआरसी १०६ (इंडियन रोड्स काँग्रेसची शहरी रस्त्यांच्या क्षमतेबद्दलची मार्गदर्शिका) नुसार शहरी रस्त्यावर ट्रकांचं प्रमाण ५ टक्के असेल तर एक ट्रक २.२ कारइतका धरतात, १० टक्क्यांवर गेलं की ३.७. शिवाय माल उतरेपर्यंत ट्रक रस्त्यातच उभा राहिला तर अर्धा रस्ता गेलाच की! रविवार पेठेत सकाळी गेलेल्यांना हे सांगायला नको. शाळेच्या रिक्षाही त्याच वेळेला निघतात, मला खरी काळजी त्या पोरांची आहे.

अशा संकुलाला रोज किती ट्रक लागतील, ते कशावरून काढतात? आवारात लोडिंगच्या जागा किती हव्यात, ट्रकला वळायला किती मोकळी जागा लागते? आमची आम्ही नाक्यावर मोजणी केली तर ती ग्राह्य धरतात का? हरकत कन्नडमध्येच द्यावी लागेल का? सिव्हिलवाले कुणी असाल तर कृपया अहवाल एकदा बघून द्या.