ऑप्टिकल जोडली, लाल लाईट दिसते, तरी साऊंडबार गप्प

जुना_टीव्ही: टीव्ही जुना आहे, एचडीएमआय आहेत पण एकावरही एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधून बारकडे पाठवायची सोय) लिहिलेलं नाही, म्हणून साऊंडबार ऑप्टिकलने जोडला. केबलचं बारकडचं टोक काढून बघितलं तर लाल उजेड दिसतो. चॅनलचा आवाज नीट येतो पण पेनड्राइव्हवरचा पिक्चर लावला की बार एकदम गप्प, टीव्हीच्या स्पीकरवर मात्र तोच पिक्चर व्यवस्थित ऐकू येतो. केबल खराब असेल का? सोन्याचा मुलामा दिलेली घेऊ का?

खटपट्या: केबलला हात लावू नका, चॅनल वाजतायत म्हणजे ती ठणठणीत आहे. टीव्हीच्या साऊंड सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ आउट नावाचं काहीतरी असेल, ते ऑटो किंवा बिटस्ट्रीमवर असणार, ते पीसीएम करा. होतं काय की बिटस्ट्रीमवर टीव्ही पिक्चरचा डॉल्बी नाहीतर डीटीएस ऑडिओ (हे आवाज दाबून साठवायचे फॉरमॅट) न उलगडता तसाच पुढे ढकलतो, आणि बारला तो फॉरमॅट कळत नसेल तर तो बिचारा काय वाजवणार. बरेच बार डॉल्बी घेतात पण डीटीएस घेत नाहीत. पीसीएमवर उलगडायचं काम टीव्ही करतो, आणि तुमच्या टीव्हीला ते जमतंय हे त्याच्या स्पीकरवरून कळलंच.

तारयंत्र: आणि सोन्याचा मुलामा कशाला हो, आतून उजेड जातो, वीज नाही 😄 त्यापेक्षा केबल भिंतीला चेपून काटकोनात वाकवू नका, प्लास्टिकची फायबर असते. वीज जोडलेली नसल्यामुळे अर्थिंगची घूं घूं येत नाही हा मात्र खरा फायदा.

बास_प्रेमी: पीसीएम केलं की ऑप्टिकलवर फक्त दोन चॅनल राहतात हे पण सांगा ना त्यांना. बारला मागचे स्पीकर असतील आणि पिक्चर डॉल्बी डिजिटलमध्ये असेल तर बिटस्ट्रीमच ठेवा, ५.१ (पाच स्पीकर आणि एक बासचा, असा चहूबाजूंचा आवाज) मिळतं. अॅटमॉस (डॉल्बीचाच वरूनही आवाज येणारा प्रकार) विसरा, त्याला लागणारे डॉल्बी डिजिटल प्लस किंवा ट्रूएचडी हे फॉरमॅट ऑप्टिकलवरून जातच नाहीत, १९८३ च्या आसपास तोशिबाने काढलेलं कनेक्शन आहे ते.

जुना_टीव्ही: पीसीएम केलं, वाजला!! माझा बार साधा दोन चॅनलचाच आहे त्यामुळे ५.१ चं दुःख नाही. पण आता टीव्हीच्या रिमोटने आवाज कमीजास्त होत नाही, दोन रिमोट घेऊन बसायचं का?

खटपट्या: ऑप्टिकल एकतर्फी आहे, त्यातून फक्त ऑडिओ जातो, रिमोटची आज्ञा जात नाही, ती सोय एचडीएमआयच्या सीईसीत असते. बारच्या मॅन्युअलमध्ये बघा, काही बार टीव्हीच्या रिमोटचा आवाजाचा सिग्नल शिकून घेतात. तसं जमलं तर टीव्हीचे स्वतःचे स्पीकर सेटिंगमधून बंद करा, नाहीतर एकच बटण दाबलं की दोघं मिळून ओरडतील.