जुन्या सहा सिलिंडर वॅगनचं अ‍ॅव्हरेज: इंजिनाला शिव्या घालण्याआधी गॅलन कुठला ते बघा

हिशेबी

परवाच्या पोस्टखालीच लिहिणार होतो, पण लांबलं म्हणून वेगळा धागा. पोस्ट थोडक्यात अशी: एका सद्गृहस्थांकडे २००५ची सुबारू आउटबॅक आहे, ३ लिटरची, सहा सिलिंडरवाली. गाडी अमेरिकेत, गॅलनला २० मैल देते. ब्रिटनमधल्या कुणाला त्याच गाडीत २४ मिळतात असं त्यांच्या वाचनात आलं आणि लगेच निकाल: ‘इंजिन बसलंय, ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद) चार मैल खाते, असली धुडं भंगारात घाला.’ खाली ‘सहमत’ आणि ‘+१’ची रांग.

अहो, ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा आणि अमेरिकन ३.७८५चा. २४ला १.२ने भागा. किती आले? दोन्ही गाड्या लिटरला साडेआठ किलोमीटरच देतायत!

दुसरं रडगाणं, ‘नवीन असताना काचेवरच्या स्टिकरवर जास्त अ‍ॅव्हरेज लिहिलं होतं’. त्या काळच्या अमेरिकन हायवे चाचणीत कमाल वेग ताशी ९६ किलोमीटर, सरासरी ७७च्या आसपास आणि एसी बंद. असा हायवे तुम्ही शेवटचा कधी चालवलात? २००८च्या मॉडेलांपासून अमेरिकेने जास्त वेग, एसी आणि थंडी हिशेबात धरली आणि जुन्या गाड्यांचे आकडेही नव्या पद्धतीने खाली आणले. तेव्हा २००५चं स्टिकर छातीशी धरून गळा काढण्यात अर्थ नाही.

राहिलं इंजिन. गाडी दीड टनाच्या वरची, पण सपाट रस्त्यावर निवांत चालताना त्या तीन लिटरला पुरेसं कामच नसतं. थ्रॉटल जेमतेम उघडा, त्या फटीतून हवा ओढण्यात आणि सहा पिस्टनांच्या घर्षणात बरीच मेहनत जाते. लहान इंजिन तेवढंच काम अंग मोडून करतं, म्हणून स्वस्तात करतं. त्यात रोजची धाव पाच-सात मिनिटांची असेल तर विचारूच नका. थंड इंजिनाला मिश्रण दाट लागतं, गिअरबॉक्सचं तेल गार असेतो टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्सला तेलातून जोडणारा भाग) लॉक होत नाही, थोडी ताकद घसरण्यात जाते, आणि सगळं गरम होईपर्यंत तुम्ही गाडी लावून मोकळे. याला बिघाड म्हणत नाहीत. टाकी फुल ते टाकी फुल असं सलग तीन-चार टाक्या मोजा, मग बोला.

पाना_नंबर_बारा

गणिताला दंडवत. पण नुसतं मोजून समाधान मानणाऱ्यांचीच गाडी शेवटी आमच्या रॅम्पवर येते. ‘सहा सिलिंडर आहे, पिणारच’ असं म्हणत लोक खरा बिघाड वर्षानुवर्षं पोसतात आणि वर असे धागे काढून त्यांना आयतं निमित्त मिळतं.

मागे अशीच एक वॅगन आली होती. चेक इंजिनचा दिवा बंद, तापमानाचा काटा मधल्या रेषेच्या किंचित खाली. मालकाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. स्कॅनर लावून मोठ्या रस्त्याला काढली. कूलंट ६८ अंशांवर लोंबकळतंय! चढ लागला की ७४-७५, उतार लागला की परत घसरगुंडी. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईतो कूलंट अडवणारी झडप, उघडा अडकलेला. म्हणजे गाडी तासभर चालली तरी ईसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) लेखी इंजिन अजून गरमच व्हायचंय. P ०१२८ हा कोड नेमका याचसाठी आहे, पण तो यायच्या आधी कित्येक टाक्या वाया जातात.

आणि ब्रेक. कॅलिपरच्या स्लाइड पिना सुकतात, पॅड डिस्कला घासत राहतं. ब्रेक फारसा न दाबता थोडं चालवा, गाडी घरंगळत थांबू द्या आणि चारही चाकांजवळ हात न्या (लावू नका!). एकाच चाकाची धग जाणवली तर उत्तर मिळालं. हे गॅलनच्या भागाकारातून दिसत नाही, साहेब.

हिशेबी

पानासाहेब, थर्मोस्टॅट मान्य, ब्रेक मान्य. मी ‘बिघाड होतच नाही’ असं कुठे म्हटलंय? मोजल्याशिवाय बिघाड ठरवू नका, एवढंच म्हणणं आहे. कारण उलटाही प्रकार भोगलाय. अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून एका गॅरेजवाल्याने माझ्या गाडीचे दोन ऑक्सिजन सेन्सर बदलले, प्लग बदलले, मास एअरफ्लो (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) बदलायलाही निघाला होता. स्कॅनर लावायचे कष्ट घेतले नाहीत. ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) बघितली असती तर शून्याच्या आसपासच होती.

झालं होतं काय, तर टायर नवे टाकले होते. झिजलेल्या टायरची नक्षी दोन मिलिमीटर, नव्याची आठ. त्रिज्या सहा मिलिमीटरने वाढली, म्हणजे परीघ जवळजवळ दोन टक्के. चाक तेवढंच फिरतं, गाडी जास्त जाते, ओडोमीटर कमी मोजतो. म्हणजे अ‍ॅव्हरेज दोन टक्के ‘पडलं’ ते कागदावर. वर नवी जाड नक्षी थोडी जड चालते, ती भर वेगळी.

पाना_नंबर_बारा

गॅरेजवाला तसा होता म्हणून सगळे तसे नाहीत. असो. टायरचा विषय काढलाच आहे तर ऐका: ऑल-व्हील ड्राइव्हला दोनच टायर बदलणारे महाभाग बघितलेत. पुढे नवे, मागे गुळगुळीत. परीघ वेगळे, मग मधल्या डिफरन्शियलचा (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागाचा) क्लच सरळ रस्त्यावरही सतत घासतो. पेट्रोल जातं ते सोडा, गिअरबॉक्सचं पोट फाडायची वेळ येते.

आणि हो, कुणीतरी आत्ता येऊन सांगेल की फ्यूज बसवून मागची ड्राइव्ह बंद करा. तो फ्यूज जुन्या चार सिलिंडर ऑटोमॅटिकमध्ये असायचा. या सहा सिलिंडरमध्ये प्लॅनेटरी डिफरन्शियल आहे, मुळात पुढे-मागे ४५:५५ वाटणी. इथे ती सोय नाही. आणि जिथे आहे तिथेही शाफ्ट आणि मागचं डिफरन्शियल फिरतच राहतं, बचत शून्याच्या जवळ.

प्लग_इन

अरे किती किस पाडाल? विका आणि हायब्रिड घ्या. विषय संपला.

टाकी_फुल

@प्लग_इन, विषय तुमचा संपला असेल. एक साधी गोष्ट लिहिते. १,००० किलोमीटरला लिटरमागे ७ ऐवजी ८ मिळाले तर जवळजवळ १८ लिटर वाचतात. १५ऐवजी १६ मिळाले तर चार लिटर आणि थोडं. म्हणजे या ‘धुडां’मध्ये एक किलोमीटर सुधारला तर जो फायदा आहे तो तुमच्या गाडीत नाही. म्हणून आम्ही किस पाडतो.

घाटमाथ्यावरचा

सगळे सेन्सर आणि स्कॅनर घेऊन बसलेत. साधी युक्ती कुणी सांगत नाही. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करायची. वडिलांनी शिकवलं, अख्खी हयात असाच चालवत आलोय. ट्रिप कॉम्प्युटरवर आकडा कसा वर चढतो ते बघा एकदा.

टाकी_फुल

काका, राग मानू नका, पण फ्युएल इंजेक्शन आल्यापासून हा हिशेब उलटा झाला. गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजेक्टर बंद, पेट्रोल शून्य. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलंत की इंजिनाला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं, तासाला साधारण लिटरभर. म्हणजे तुम्ही उतारावर वाचवत नाही, जाळताय.

घाटमाथ्यावरचा

पुस्तकी ज्ञान. गिअरमध्ये ठेवली की इंजिन गाडी मागे ओढतं, मग परत अ‍ॅक्सिलरेटर द्यावा लागतो. न्यूट्रलमध्ये तीच गाडी उतार संपल्यावरही कितीतरी लांब जाते. ते पेट्रोल कोण मोजणार?

पाना_नंबर_बारा

न्यूट्रल?? ऑटोमॅटिक गाडी?? काका, ज्या घाटात तुम्ही न्यूट्रल करता त्याच घाटात मी डिस्क निळ्या पडलेल्या बघितल्यात. दीड टनाच्या वरची गाडी, इंजिनाचा आधार काढून घेतला की सगळा भार ब्रेकवर. ब्रेक ऑइल उकळलं की पेडल जमिनीला टेकतं आणि मग अ‍ॅव्हरेज विचारायला कुणी उरत नाही. शिवाय वेगात असताना न्यूट्रलमधून परत ड्राइव्हमध्ये टाकताना आतले क्लच काय सोसतात ते गिअरबॉक्स उघडणाऱ्याला विचारा.

घाटमाथ्यावरचा

ओरडू नका. माझ्या गाडीचे ब्रेक आजतागायत ठणठणीत आहेत. चालवता येत नसेल त्याने ब्रेकला दोष देऊ नये.

पाना_नंबर_बारा

बरोबर. जे वाचतात तेच येऊन असं लिहितात.

हिशेबी

मंडळी, जरा शांत. धागा अ‍ॅव्हरेजचा आहे, माझाच आहे, आणि तो घाटात वाहून चाललाय.

काकांच्या वडिलांचं त्यांच्या काळी चूक नव्हतं. कार्ब्युरेटर पाय काढला तरी पेट्रोल देतच राहायचा आणि गिअरमध्ये इंजिन वेगाने फिरत असल्याने जास्त द्यायचा. तिथे न्यूट्रलने वाचायचं. काकांच्या आजच्या म्हणण्यातही एक चतकोर तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. मंद उतारावर, जिथे गिअरमध्ये वेग पडतो आणि न्यूट्रलमध्ये टिकतो, तिथे घरंगळणं स्वस्त पडू शकतं. काही नव्या गाड्या स्वतःहून इंजिन सोडवून घेतात ते याचसाठी. पण जिथे ब्रेक लावावा लागतो तिथे न्यूट्रल म्हणजे शुद्ध तोटा. आणि वाचवून वाचवणार किती? दहा मिनिटांच्या उताराला इंजिन आयडलवर पाव लिटरसुद्धा पीत नाही. तेवढ्यासाठी जीव टांगणीला?

याउलट १००ऐवजी १२०ने गेलात तर हवेचा विरोध ४४ टक्के वाढतो. त्यावर एकाही काकाने लिहिलं नाही.

घाटमाथ्यावरचा

चतकोर का होईना, मानलंत. आभारी आहे. आणि ‘एकही काका’ म्हणजे काय? इथे काका मी एकटाच आहे.

वॅगनवाला_०५

ज्याच्या पोस्टवरून हे रामायण चाललंय तो मी. गॅलनची गोष्ट ठीक आहे, बघितली. पण मग हे सांगा, थंडीत हीच गाडी १७वर का येते? अमेरिकन गॅलनच आहे, भागाकार करू नका.

टाकी_फुल

सकाळी गाडी सुरू करून काच साफ होईतो उभी ठेवता का?

वॅगनवाला_०५

ठेवतोच. दहा मिनिटं, कधी पंधरा. बर्फ खरवडायचा कोणी? इंजिन गरम केल्याशिवाय गाडी काढू नये हे तर लहान पोरालाही माहीत आहे.

टाकी_फुल

त्या पंधरा मिनिटांत तुम्ही शून्य किलोमीटर जाता आणि दाट मिश्रण पाजता. उभ्या इंजिनाला गरम व्हायलाही जास्त वेळ लागतो. अर्धा-एक मिनिट द्या, निघा, पहिले काही किलोमीटर हळू घ्या. हवा टायरमध्ये थंडीत आपोआप उतरते, ती भरा. छतावर स्कीची पेटी असेल तर ती काढा.

वॅगनवाला_०५

पेटी आहे. काढायला दोन माणसं लागतात.

पाना_नंबर_बारा

पेटी राहू द्या, आधी कूलंट बघा. साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचणारा) मिळतो तो लावा, वीस मिनिटं चालवल्यावर आकडा सांगा. ८०च्या वर स्थिर असेल तर हिशेबी जिंकले. सत्तरीत असेल तर मी. आणि थर्मोस्टॅट टाकायचाच झाला तर कंपनीचाच टाका, या इंजिनात भलतासलता चालत नाही.

वॅगनवाला_०५

मागवतो स्कॅनर. भंगाराबद्दलचं मत मात्र कायम आहे, कुणाच्या भागाकाराने ते बदलणार नाही.

प्लग_इन

तेच तर मी म्हणत होतो.

घाटमाथ्यावरचा

@टाकी_फुल, आज मुद्दाम करून बघितलं. एकाच उतारावर आधी गिअरमध्ये, मग न्यूट्रलमध्ये. न्यूट्रलमध्ये आकडा जास्त आला. फोटो हवा असेल तर टाकतो.

टाकी_फुल

ट्रिप कॉम्प्युटरचा फोटो नको, काका. ब्रेक किती वेळा दाबलात आणि उतार तीन टक्क्यांचा होता की आठ, ते सांगा.