‘इंटेलिजन्स’ ऑपेरातली मेरी जेन: खरी किती?

कृष्णाकाठ:
नमस्कार. मी सांगलीची. शाळेत इतिहास शिकवायचे, आता निवृत्त आहे. आमच्या वाचनगटात दर महिन्याला एकीनं अर्धा तास बोलायचं असतं, श्रावणात माझी पाळी आहे. धाकटी बहीण ह्यूस्टनला असते. तिनं ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या ग्रँड ऑपेरात ‘इंटेलिजन्स’ हा नवा ऑपेरा पाहिला आणि अजून फोनवर त्याबद्दलच बोलते. संगीत जेक हेगी यांचं, संहिता जीन शीअर यांची. अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेच्या राजधानीत, रिचमंडमध्ये राहून उत्तरेसाठी हेरगिरी करणाऱ्या दोघींची गोष्ट. एक सधन गोऱ्या घरातली एलिझाबेथ व्हॅन ल्यू, दुसरी त्याच घरच्या गुलामांपैकी मेरी जेन बाउझर.

मला बोलायचंय ते मेरीवर. शोधायला बसले तर कुठे मेरी जेन, कुठे मेरी एलिझाबेथ. म्हणे ती एकपाठी होती, दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याच्या घरी मोलकरीण होऊन टेबलावरचे कागद वाचायची आणि शेवटी ते घर पेटवायचा प्रयत्न करून पळाली. एक फोटोही मिळालाय. पण मुलांचं एक साल चुकलं तरी मी वही परत द्यायचे. आता स्वतः ऐकीव गोष्ट सांगायला जीभ रेटत नाही. यातलं खरं किती?

रिचमंडवासी:
बाई (शिक्षिका म्हटल्यावर दुसरं काही म्हणवत नाही), आधी तो फोटो काढून टाका. ती त्याच नावाची दुसरीच बाई आहे आणि फोटो युद्धानंतर खूप वर्षांनी काढलेला आहे. आपल्या मेरीचा चेहरा कसा होता हे सांगणारं एकही चित्र हाती नाही. तरी तो फोटो सगळीकडे फिरतोय. दिसला की मला वाईट वाटतं, कारण त्यात दोघींवर अन्याय होतो.

मी सोळा वर्षं रिचमंडमध्ये राहतो. घरून चर्च हिलवर चालत जातो. व्हॅन ल्यूंचा वाडा १९११ मध्ये पाडला, त्या जागी आता शाळा आहे. समोर सेंट जॉन्स चर्च, पांढरं, लाकडी. अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या पॅट्रिक हेन्रीनं १७७५ मध्ये ‘स्वातंत्र्य द्या नाहीतर मरण द्या’ हे भाषण केलं ते याच चर्चमध्ये. लोक तेवढ्यासाठी येतात. मी जातो ते १७ मे १८४६ साठी. त्या दिवशी व्हॅन ल्यूंच्या घरच्या ‘मेरी जेन’ नावाच्या काळ्या मुलीचा इथे बाप्तिस्मा झाला. गोऱ्यांच्या चर्चमध्ये गुलामाच्या मुलीचा, ही तेव्हा नवलाचीच गोष्ट. पुढे तिला शिकायला उत्तरेत पाठवलं, मग आफ्रिकेत लायबेरियाला. तिथून ती १८६० मध्ये परतली आणि जवळ परवाना नाही म्हणून रिचमंडमध्ये पकडली गेली. तेव्हा तिनं पोलिसांना खरं नाव सांगितलंच नाही.

१६ एप्रिल १८६१ ला त्याच चर्चमध्ये तिचं विल्सन बाउझरशी लग्न झालं. दुसऱ्याच दिवशी व्हर्जिनियानं, म्हणजे रिचमंड ज्या राज्यात आहे त्यानं, संघराज्यातून फुटायचा ठराव केला. बाई, तुमच्या व्याख्यानाची सुरुवात इथून करा. काल लग्न आणि आज आपलं गाव शत्रूचं.

‘मेरी एलिझाबेथ’ हे नाव १९११ च्या एका मासिकातल्या लेखामुळे रूढ झालं. व्हॅन ल्यूच्या भाचीनं पन्नासेक वर्षांनी आठवून सांगितलेलं. १९९५ मध्ये अमेरिकी लष्करानं हेरखात्याच्या मानकऱ्यांत तिला घेतलं, तेही याच नावानं. एकपाठी असणं, घर पेटवणं, या गोष्टी फार उशिरा आलेल्या आहेत. त्या सांगू नका.

मग खरं काय? तर तिनं स्वतः सांगितलेलं. युद्ध संपल्यावर काही महिन्यांतच, सप्टेंबर १८६५ मध्ये, ती न्यूयॉर्कच्या चर्चमध्ये व्याख्यानाला उभी राहिली. नाव पुन्हा बदललेलं, रिचमोनिया रिचर्ड्स. काळ्यांच्या वर्तमानपत्रात त्याचा वृत्तान्त आला. डेव्हिसच्या घरी कपडे धुवायला मागायच्या निमित्तानं शिरून कागद धुंडाळल्याचं तिनं त्यात सांगितलं. म्हणजे डेव्हिसच्या घरात ती गेली होती. पण ती तिथं वर्षानुवर्षं कामाला होती, असं त्यातून म्हणता येत नाही.

तंबोरा:
मी गाण्यातला माणूस, म्हणून वेगळं बोलतो. ऑपेरा म्हणजे आपलं संगीत नाटक नव्हे. आपल्याकडे गद्य थांबतं आणि पद येतं. इथे बहुतेक सगळं गाण्यातच, ‘दार लाव’ सुद्धा. त्यामुळे हेराची गोष्ट अवघड होते. जिनं तोंड मिटून राहायचं तिलाच तीन तास गायला लावायचं! इथे मेरी सोप्रानो, म्हणजे बाईचा उंच पट्टीतला आवाज, जनाई ब्रगर गायली. व्हॅन ल्यू मेझो, म्हणजे खालच्या पट्टीतला भरदार आवाज, जेमी बार्टन. दिग्दर्शन आणि नृत्य जावोले विला जो झोलर यांचं, त्यांच्या ‘अर्बन बुश विमेन’ संघातल्या नर्तकी रंगमंचावर आहेत. तोंडानं बोलता येत नाही ते अंगानं सांगायचं, हा मला योग्य उपाय वाटतो.

पण रिचमंडवासी, कलाकृतीला दाखल्यांच्या दोरीनं बांधू नका. आपल्या ऐतिहासिक नाटकांत दाखले किती असतात?

रिचमंडवासी:
तंबोरासाहेब, बांधत नाही. मी स्वतः ह्यूस्टनला जाऊन पाहिलाय, मित्राकडे राहिलो होतो. त्यातल्या लुसिंडा या पात्राची भूमिका मला फार भिडली, ती जेनाय ब्रिजेस गायल्या. व्हॅन ल्यूच्या भावजयीला नाटकात कॅली केलंय. खरी भावजय मेरी नावाची, आणि तिनं १८६४ मध्ये नणंदेविरुद्ध दक्षिणेच्या सरकारकडे सांगितलं होतं हे खरं आहे. नाव बदलल्यानं तिथं काही बिघडत नाही. मेरीचं तसं नाही. व्हॅन ल्यूबद्दल कागद पुष्कळ आहेत. इथल्या लिबी तुरुंगातून फेब्रुवारी १८६४ मध्ये उत्तरेचे १०९ कैदी अधिकारी भुयारातून निसटले, ५९ उत्तरेच्या सैन्यापर्यंत पोचले. त्यांतल्या काहींना तिनं मदत केली. तिची सांकेतिक लिपी आजही पाहता येते. सहा ओळी, सहा रकाने, छत्तीस घरं. इंग्रजीची २६ अक्षरं आणि १० आकडे बरोबर बसतात आणि प्रत्येकाला दोन अंकी खूण मिळते. हा तक्ता, म्हणजे लिपीची किल्ली, तिच्या घड्याळाच्या झाकणात असायचा. राष्ट्राध्यक्ष ग्रँटनं १८६९ मध्ये तिला इथली पोस्टमास्तर केलं. शॉको हिल स्मशानभूमीत तिच्या कबरीवर मॅसॅच्युसेट्सच्या मित्रांनी आणलेला दगड आहे. मेरीची कबर कुठे, कुणाला माहीत नाही. ज्या माणसाचं फारच थोडं उरलंय, त्यावर कल्पना चढवताना ते थोडं तरी झाकलं जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

आणि बाई, सर्वांत मोलाचं सांगायचं राहिलं. १८६७ मध्ये मेरी जॉर्जिया राज्यात सेंट मेरीज गावी मुक्त झालेल्या गुलामांची शाळा चालवत होती. एकटीच. दिवसाची सत्तरेक मुलं, रात्री डझनभर मोठी माणसं, रविवारी शंभर. तिथून वरिष्ठांना तिनं पत्रं लिहिली. एकात ती म्हणते, मी इतके दिवस डिटेक्टिव्हचं काम केलंय की अजूनही मी माणसं निरखूनच बघते. गावातल्या गोऱ्यांच्या डोळ्यांत तिला काहीतरी अनिष्ट दिसतं, दारू पोटात गेली की हे काहीही करतील असं तिला वाटतं. इथे कायद्याचं संरक्षण हवं होतं, असं लिहिते. पोरं समोर पाटी घेऊन बसलेली आणि बाईंची नजर दाराकडे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढचं वाचायला वेळ लागला. त्याच वर्षानंतर ती कागदपत्रांतून नाहीशी होते.

कृष्णाकाठ:
रिचमंडवासी, तुमचे उपकार कसे फेडू! मी एका खोलीत चार इयत्ता बसवून शिकवलंय. एकीकडे फळा आणि एकीकडे दाराकडे लक्ष, ते अगदी डोळ्यांसमोर आलं. मला कुणाची भीती नव्हती, तिला होती.

फोटो काढून टाकला. त्याऐवजी छत्तीस घरांचा तक्ता मोठ्या कागदावर काढणार आहे. प्रत्येकीनं आपलं नाव त्यात लिहून बघायचं.

एक शब्द सुचला, तंबोरासाहेबांनाही आवडेल. ‘इंटेलिजन्स’मध्ये बुद्धीही आहे आणि हेरगिरीही, तसा एक शब्द मराठीत मिळेना. पण ‘हेर’ आणि ‘हेरणं’ हे आपल्याकडे एकाच घरचे. तिच्या पत्रातलं निरखणं म्हणजे हेच ना? व्याख्यानाला नाव दिलंय, ‘हेरणाऱ्या बाई’.