नवऱ्याला सायकली घरात नकोत, मला त्या बाहेर ठेववत नाहीत

प्रश्न

गेले आठ महिने आमच्या घरात दोन सायकलींवरून धुसफूस चालू आहे. भांडण म्हणावं इतकं नाही, पण रोज संध्याकाळी दार उघडलं की नवऱ्याचा चेहरा उतरतो आणि ते मला दिसतं.

पहिली माझी रोजची सायकल. सरळ हँडलची, अ‍ॅल्युमिनियम फ्रेमची, हायड्रॉलिक डिस्क ब्रेकची. वजन १२ किलोच्या आसपास, हँडलची रुंदी ६८ सेंमी. कामावर मी हिच्यावरूनच जाते, पावसातसुद्धा. दुसरी माझ्या वडिलांची. जुनी, काळी, २८ इंची चाकांची, ब्रेकला वायरऐवजी लोखंडी सळ्या असलेली. २० किलो तरी भरेल. बाबा गेल्यावर ती मी आणली. महिन्यातून एकदा चाकांत हवा भरते, पुसते, एखादी चक्कर मारते, एवढंच.

दोन्ही पॅसेजमध्ये भिंतीला टेकवलेल्या असतात. पॅसेज १०५ सेंमी रुंद आहे. हँडलच ६८ खातं, म्हणजे माणसाला जायला ३७ उरतात. मी आडवी होऊन जाते, मला सवय झालीय. त्याला नाही झाली, आणि का व्हावी असंही वाटतं.

जिन्याखाली ठेवून पाहिलंय. आधीच्या सायकलचं पुढचं चाक आणि सीट तिथूनच गेली. दोन्हींना हाताने उघडणारी कळ होती, चोराला पानासुद्धा लागला नसेल. शिवाय जिना ही आग लागली तर सगळ्यांची पळायची वाट, तिथे सायकली लावणं मलाच बरोबर वाटत नाही.

नवरा म्हणतो, "घर आहे की गॅरेज?" मला त्याच्यावर कुरघोडी करायची नाही. त्यालाही घर घरासारखं वाटावं आणि सायकलीही आत राहाव्यात, असं काही कुणी जमवलंय का?

प्रतिसाद १

कव्हर घाला आणि बाहेर ठेवा. चांगलं जाड कव्हर, दोन कुलुपं, एक फ्रेमला आणि एक चाकाला. घरातल्या शांततेपेक्षा सायकल मोठी नाही.

प्रश्नकर्ती

शांततेबद्दल तुमचं म्हणणं पटतं, कव्हरबद्दल नाही. भिजलेली सायकल कव्हरखाली गेली की ओल आतच कोंडते. मी एक पावसाळा तसं केलंय. चेनच्या कड्या तांबूस झाल्या आणि सीटच्या नळीत गंज धरला. उन्हात ठेवली तर टायरच्या बाजूंना भेगा पडतात. आणि कुलूप फ्रेम वाचवतं, तिच्यावरच्या बाकीच्या वस्तू नाही. तो उपाय माझ्यापुरता संपला आहे.

प्रतिसाद २

मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूचा. माझी बायको सायकल चालवते, मी नाही. सात वर्षं तिची सायकल आमच्या बैठकीच्या खोलीत आहे आणि आता ती मला खटकत नाही. पहिली दोन वर्षं मात्र फार खटकायची, म्हणून लिहितो.

"सायकल घरात नको" असं मी म्हणायचो, पण माझं दुखणं वेगळंच होतं. चेनचा काळा पट्टा माझ्या पँटला लागायचा, दर आठवड्याला. दुसरं म्हणजे टायरखालच्या व्हिनाइलवर तपकिरी डाग पडला होता. कशानेही निघाला नाही, कारण तो वर बसलेला मळ नसतोच. रबरातली द्रव्यं व्हिनाइलमध्ये उतरतात आणि आतून रंग बदलतो. टायर महिनोन्‌महिने एकाच जागी टेकला की हे होतं. त्यावर ती मला "पुसून टाक ना" म्हणायची आणि माझं डोकं फिरायचं.

बायकोने तेलाऐवजी चेनला मेण लावायला सुरुवात केली. चेन काढून आधीचं सगळं वंगण धुवायचं (हे उघड्यावर करा, त्या द्रावणाची वाफ घरात नको), मग वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवायची. गार झाली की वरून कोरडी असते. हाताला काळं लागत नाही, कपड्यांना नाही, भिंतीलाही नाही. पावसात हे मेण तेलापेक्षा लवकर धुऊन जातं, तुम्हाला पुन्हा पुन्हा लावावं लागेल. पण माझा निम्मा राग तिथेच गेला. टायरखाली तिने लाकडी फळी टाकली. रबरी पाठ असलेलं पायपुसणं टाकू नका, त्यानेही तोच डाग पडतो.

तुम्ही लिहिलंय की तो "गॅरेज" म्हणतो. तो शब्द सोडून द्या आणि त्याला नेमकं काय काय बोचतं ते विचारा. विचारल्यावर मध्ये बोलू नका. माझ्या बायकोने विचारलं तेव्हा पँटचं बोलायला मलाच लाज वाटली होती, इतकी क्षुल्लक गोष्ट वाटायची ती. म्हणून तर दोन वर्षं तोंडातून निघाली नाही.

प्रतिसाद ३

मापांबद्दल बोलतो. १०५ सेंमीच्या पॅसेजमध्ये ६८ चं हँडल भिंतीला टेकवून कधीच जमणार नाही. काही जण वरचे दोन बोल्ट सैल करून हँडल चाकाला समांतर फिरवतात. सरळ हँडलला त्याने बरीच जागा वाचते (वळलेल्या हँडलला फारशी नाही), पण हा सहा महिने न वापरायच्या सायकलचा उपाय आहे. रोज सैल-घट्ट करू नका. आणि वडिलांच्या सायकलला हे करायला जाऊच नका. तिच्या ब्रेकच्या सळ्या हँडलबरोबर जोडलेल्या असतात.

रोजची सायकल पुढच्या चाकाने उभी टांगा. उभी टांगली की भिंतीपासून साधारण एक मीटर पुढे येते, रुंदी मात्र हँडलएवढीच राहते. म्हणजे तिला भिंत नको, कोपरा हवा, जिथून कुणाला पुढे जायचं नसतं असा. तुमच्या पॅसेजचं शेवटचं टोक कुठे जातं?

उचलायला जोर लागत नाही. मागच्या चाकावर उभी करायची, ढकलत भिंतीपाशी न्यायची आणि पुढचं चाक हुकात सरकवायचं. मागे लांब मडगार्ड असेल तर उभी करताना त्याचं टोक जमिनीवर दाबलं जातं आणि वाकतं, ते आधी बघा. हुकाची उंची पुस्तकातून घेऊ नका. सायकल भिंतीपाशी उभी धरा, पुढच्या रिमची आतली कड जिथे येते तिथे खूण करा आणि हुक त्याच्या तीन-चार सेंमी वर घ्या. मागचा टायर भिंतीला टेकतो तिथे एक पातळ पट्टी लावा, नाहीतर काळी रेघ उठते.

हायड्रॉलिक ब्रेक आहेत म्हणून एक सांगतो. तेलात हवा राहून गेली असेल तर उभी टांगल्यावर ती जागा सोडते आणि सकाळी लिव्हर मऊ लागतो. निघण्याआधी दोन्ही लिव्हर चार-पाच वेळा दाबून बघायची सवय ठेवा. तरीही मऊच राहिला तर तशी चालवू नका, हवा काढून घ्या. तेल नीट भरलेलं असेल तर टांगल्याने काहीही बिघडत नाही.

भिंत कशाची आहे, ते मात्र आधी कळायला हवं. विटांची किंवा काँक्रीटची असेल तर सोपं आहे, फक्त प्लग गिलाव्यातच अडकू नये, मागच्या पक्क्या भागात गेला पाहिजे. बोटाने ठोकल्यावर पोकळ वाजली तर थांबा आणि इथे लिहा.

प्रतिसाद ४

थोडं बाजूचं आहे, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे बॅटरीची सायकल असेल म्हणून. ती दाराजवळ किंवा जायच्या वाटेत चार्ज करू नका आणि सगळे झोपलेले असताना तर मुळीच नको. लिथियम बॅटरीने पेट घेतला तर आग फार झपाट्याने पसरते, आणि तेव्हा बाहेर पडायची वाट सायकलनेच अडवलेली असेल. आमच्या घरात यावरून वाद झाला आणि बायकोचं बरोबर होतं.

प्रश्नकर्ती

चार दिवसांनी लिहितेय, कारण मधे बरंच घडलं.

मी त्याला विचारलं. रात्री, दिवे मालवल्यावर, कारण समोरासमोर मी नक्की मध्ये बोलले असते. पहिलं त्याने सांगितलं ते पेडलचं. रात्री पाणी प्यायला उठला की नडगीला लागतं. त्याच्या पायावर तीन खुणा आहेत. आठ महिन्यांत मला त्या दिसल्या नव्हत्या याचं फार वाईट वाटलं. दुसरं, ओली सायकल आली की पॅसेजभर पाणी होतं आणि ते तो पुसतो, मी तोवर अंघोळीला गेलेली असते. हेही खरं आहे.

मग बराच वेळ तो गप्प होता. नंतर म्हणाला, "आपण या घरात आलो तेव्हा मी माझं सुतारकामाचं बाक देऊन टाकलं. जागा नाही, असं आपण दोघांनीच ठरवलं होतं. सायकलींना जागा झाली."

मी त्या बाकाबद्दल विसरून गेले होते. त्याच्या हातचं होतं ते, लग्नाआधीचं. बाबांची सायकल आणली तेव्हा मी त्याला विचारलंसुद्धा नव्हतं. मी रडत होते, त्याने दार उघडून धरलं आणि ती आत आली. त्या दिवशी तो काही बोलूच शकत नव्हता, हे मला आता कळतंय.

तर आता प्रश्न बदललाय. पॅसेजच्या टोकाला कपड्यांचं एक कपाट आहे, त्याच्या आसपास कुठलंही दार नाही. ते कपाट हलवलं तर रोजची सायकल तिथे उभी टांगता येईल. पण ती भिंत पोकळ वाजते. आणि माझ्या कामाच्या खोलीतली एक अख्खी भिंत मला त्याला द्यायची आहे, घडीच्या बाकासाठी. मग बाबांची सायकल कुठे, हे सुचत नाहीये. सुटी करून ठेवू का? तो विचार केला की पोटात खड्डा पडतो.

प्रतिसाद ३

पोकळ भिंत म्हणजे बहुतेक पत्र्याच्या सांगाड्यावर जिप्सम बोर्ड. नुसत्या बोर्डात हुक बसवू नका. १२ किलो वजन फार नाही, पण रोज दोनदा हिसका बसतो आणि भोक मोठं होत जातं. आतले उभे सांगाडे शोधा. साधारण ४० किंवा ६० सेंमी अंतरावर असतात. लोहचुंबक भिंतीवरून फिरवला तर बोर्डाच्या स्क्रूंवर अडकतो, ते स्क्रू एका उभ्या रेषेत आले की तिथे सांगाडा. दोन सांगाड्यांना धरून १८ मिमी जाडीची प्लायवूडची फळी आडवी स्क्रूने पक्की करा आणि हुक त्या फळीत बसवा. बसवल्यावर आधी हाताने लोंबकळत भार देऊन बघा, मग सायकल लावा.

वडिलांची सायकल सुटी करू नका. चेनकव्हर आणि सळ्यांमुळे मागचं चाक काढणं-घालणं हे मोठं काम आहे, आणि एकदा सुटी केली की अशा सायकली पुन्हा जोडल्या जात नाहीत. फार तर एका बाजूचं पेडल काढा. १५ मिमीचा पातळ पाना लागतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, म्हणजे ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. हे माहीत नसल्याने लोक जोर लावून आटे खराब करतात. भिंतीकडचं पेडल निघालं की सायकल बरीच आत सरकते.

प्रतिसाद २

बाक घडीचं असेल तर मिटल्यावर ते भिंतीला चिकटूनच राहणार ना? मग वडिलांची सायकल त्याच्यासमोर उभी राहू शकते. त्याला काम करायचं असेल तेव्हा तुम्ही ती बाहेर काढायची, चक्कर मारून यायचं. ती महिन्यातून एकदाच चालते म्हणालात. आठवड्यातून एकदा चालेल.

प्रश्नकर्ती

हे मी त्याला वाचून दाखवलं. तो हसला आणि मोजपट्टी घेऊन खोलीत गेला. बाक १२० बाय ४५ सेंमीचं धरलंय, मिटल्यावर भिंतीपासून १२ सेंमी. बाबांच्या सायकलचं उजवं पेडल काढून ती समोर बसते, दार पूर्ण उघडतं, मी स्वतः तीनदा आत-बाहेर करून पाहिलं.

फळीचं कामही त्यानेच घेतलंय. चुंबकाची युक्ती लागू पडली, सांगाडे ६० सेंमीवर निघाले. फळीच्या कडा घासून गोल केल्या आहेत आणि पॉलिशचा पहिला हात दिलाय. दुसरा हात उद्या. कपाट रिकामं झालंय, त्यातले कपडे सध्या पलंगावर आहेत. ओल्या सायकलसाठी मी हुकाखाली बसेल असा एक पसरट ट्रे आणलाय आणि पुसायचं फडकं तिथेच खिळ्याला अडकवणार आहे. अंघोळीच्या आधी पुसायचं, हे माझ्याकडे.

हुकाची खूण करायला सायकल उभी धरून मी उभी होते आणि तो पेन्सिल घेऊन स्टुलावर. १६९ सेंमी आलं.