गळका कॉम्प्रेसर: दुरुस्त करू की नवा घेऊ?

कुर्टीचा गॅरेजवाला
मंडळी, गॅरेज गोव्यात, फोंड्याजवळ कुर्टीला. तीन एचपी, १६० लिटरची टाकी, दोन सिलिंडर, पट्ट्यावर चालणारा हवेचा कॉम्प्रेसर. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि उसगावच्या बाजूला ट्रकांची गॅरेजं सामान विकायला लागली, तेव्हा एकाकडून घेतला. तेव्हाच तो किती जुना होता देव जाणे, टाकीवरची कंपनीची पट्टी रंगाखाली गेलेली.

आता रात्री आठ किलो दाबावर बंद करून जातो, सकाळी काटा शून्यावर. दिवसा कुणी रंगाच्या गनला हात लावलेला नसतो तरी मोटर आपली सुरू होते. मेकॅनिकने पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्ह प्लेट, गॅस्केट धरून साडेसात हजार सांगितले. दुकानदार म्हणतो, जुन्यात पैसे घालू नका, ४५ हजारांत नवा आणून बसवतो. चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आलीय, रंगाच्या गाड्या रांगेत आहेत. माझं मन नव्याकडे झुकलंय. बायको म्हणते, "हवाच जातेय ना? पैसे तर नाही?"

डिचोलीचा फिटर
वहिनींचं ऐका. आणि त्या मेकॅनिकला एक विचारा: मशीन बंद असताना काटा खाली येतो, त्यात रिंगांचा काय संबंध? रिंगा झिजल्या तर टाकी भरायला वेळ लागेल, ऑइल हवेत येईल. पण भरलेली टाकी रात्रभरात रिकामी होत नाही. हेड, म्हणजे हवा दाबणारा सिलिंडरचा भाग, आणि टाकी यांच्यात एनआरव्ही (एकतर्फी व्हॉल्व्ह) असतो, तो हवा मागे जाऊ देत नाही. साडेसात हजार घालूनही सकाळी काटा शून्यावरच दिसेल.

आधी हे करा. टाकी भरून मोटर कटऑफ झाली की ती बंद करणाऱ्या प्रेशर स्विचपाशी कान लावा. 'फुस्स' होऊन दोन-तीन सेकंदांत थांबलं तर ठीक, ती हेडकडच्या नळीतली हवा सुटते. तिथूनच फुसफुस चालू राहिली तर एनआरव्ही गेला. तोही बहुतेक वेळा खराब नसतो, आतल्या सीटवर कार्बनचा कण बसलेला असतो. काढा, पुसा, लावा. हे आवाजाने समजेपर्यंत लोक मोटरचा कपॅसिटर जाळून बसतात, कारण मोटरला दर वेळी भरलेल्या नळीवर सुरू व्हावं लागतं.

मग टाकीचा आउटलेट कॉक बंद करून सात किलोवरून पाचवर यायला किती मिनिटं लागतात ते मोजा. कॉक उघडा ठेवून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे इथे टाका.

वास्कोचा पेंटर
फिटरबाब, तुमच्या हिशेबात माणसाचा वेळ कुठे आहे? माझ्या जुन्या मशीनने गेल्या चवथीआधी तीन बोनेट बिघडवली. हवेतून ऑइल आलं, क्लिअर कोट मारल्यावर माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे. घासून पुन्हा मारा. त्यात गेलेला रंग, थिनर, पोरांचे दोन दिवस, आणि गिऱ्हाइकाचं तोंड. 'सीट पुसा, कण काढा' हे रविवारी करायचं काम. सीझनमध्ये मशीन विसरता आलं पाहिजे. नवा घ्या, मोकळे व्हा.

डिचोलीचा फिटर
ऑइल येतं तेव्हा रिंगा बदलतात. त्यांनी गळती लिहिलीय, ऑइलचा एक शब्द नाही. तुमचं दुखणं त्यांच्या माथी मारू नका.

कुर्टीचा गॅरेजवाला
मोजलं. कॉक बंद: ४० मिनिटं. कॉक उघडा: ११ मिनिटं. स्विचपाशी आवाज थांबतो. तासभर साबणाचं पाणी घेऊन लाईनच्या मागे फिरलो. नळ्या जोडायचे तीन कपलर फेस काढतात, आणि पोटमाळ्याखालून गेलेल्या पांढऱ्या पाइपच्या एका जॉइंटला तर बुडबुड्यांचा गजराच लागला.

पणजीचा हिशेबनीस
वर्कशॉप माझं नाही, पण आकडे दिसले की राहवत नाही. १६० लिटरची टाकी, दोन किलोची घट, म्हणजे बाहेरच्या साध्या हवेची साधारण ३२० लिटर गेली. ११ मिनिटांत ३२०, म्हणजे मिनिटाला २९ लिटर. कॉक बंद असताना मिनिटाला फक्त ८. म्हणजे चारातले जवळपास तीन हिस्से लाईन खाते, कॉम्प्रेसर नव्हे. नवा आणलात तर तोही तीच लाईन भरणार.

विजेचं बघू. असं मशीन मिनिटाला २५० लिटर देतं असं धरा. मग गळतीपायी मोटर साधारण १२ टक्के वेळ फुकट चालते. दहा तासांच्या दिवसात सव्वा तासाच्या आत. मोटर अडीच किलोवॅट खाते, तर रोजचे तीन युनिट. महिन्याचे २६ दिवस, युनिटला साडेपाच रुपये धरले तर सव्वाचारशेच्या आसपास. ४५ हजार नुसत्या विजेतून वसूल करायला पावणेनऊ वर्षं. आणि ही सव्वाचारशेसुद्धा कपलर बदलून बहुतेक वाचतील.

डिचोलीचा फिटर
घ्या! आता तो पांढरा पाइप काढा. नळाची पीव्हीसी आहे ना ती? पाण्याला उत्तम, हवेला विष. जुनी झाली की ठिसूळ होते, आणि हवा भरलेली असताना फुटली तर चिरते नाही, तुकडे उडतात.

वास्कोचा पेंटर
हिशेब छान. पण कॉक बंद ठेवूनसुद्धा जाणारे ८ लिटर कुठून जातात, हे कुणी विचारलं नाही. एनआरव्ही ठीक आहे म्हणता. मग उरली ड्रेनची, म्हणजे तळचं पाणी सोडायची तोटी, सेफ्टी व्हॉल्व्ह, आणि टाकी.

गॅरेजवालेबाब, ड्रेन रोज सोडता का? खरं सांगा. जुलैत आपल्याकडच्या एका घनमीटर हवेत २० ग्रॅमहून जास्त पाणी असतं. रोज चार तास मोटर चालली तर ६० घनमीटर हवा आत ओढली जाते, त्यातलं लिटरभर पाणी टाकीत आणि लाईनीत उतरतं. रोज. पाणी तळाला, गंज तळाला, आणि तळ पालथं पडून बघायला जातो कोण? आमच्याकडे वर खारा वारा, तो बाहेरूनही खातो. तुम्ही हेडवर भांडताय, मी टाकीला घाबरतो. आठ किलोवरच्या १६० लिटरमध्ये कोंडलेली ताकद म्हणजे हजार किलोची गाडी ताशी ६५ च्या वेगाने येऊन आपटावी तितकी. आणि तुमची पोरं तिच्याच बाजूला बसून चहा पितात.

सांग्याचा दुचाकीवाला
एवढं काय घाबरवता? माझ्या टाकीला खाली टाचणीएवढं भोक पडलं, एम-सील लावलं, वर पत्र्याचा तुकडा वेल्ड केला. दोन वर्षं झाली, मस्त चाललंय.

डिचोलीचा फिटर
सांगेवाले, आजच ती बंद करा. आज नाही जमलं तर उद्या. भोक पडतं तिथे आजूबाजूचा पत्राही कागदासारखा झालेला असतो, आणि त्यावर तुम्ही वेल्डिंगचा ताप दिलात. इथे मी पेंटरबाबांच्या बाजूने. पण त्यांच्यासारखं सरसकट 'नवा घ्या' नाही म्हणणार. टाकी गेली तर टाकी बदला. हेड बिडाचं आहे, जुन्या वजनाचं. मोटर चालू आहे. शंकाच असेल तर टाकीत पाणी भरून दीडपट प्रेशरवर टेस्ट घ्या. हवेवर नाही हं, पाण्यावर. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे फाटली तरी नुसती चिरून पाणी सांडतं.

वास्कोचा पेंटर
म्हणजे नवी टाकी, जुनं हेड, जुनी मोटर, जुना पट्टा. आणि पुढच्या पावसात धागा क्रमांक दोन.

कुर्टीचा गॅरेजवाला
खोटं कशाला बोलू, ड्रेन रोज सोडत नव्हतो. आठवड्यातून एकदा, आठवलं तर.

आज हवा पूर्ण सोडली, पट्टा काढला, दोन पोरांना घेऊन मशीन आडवं केलं. तोटीतून आधी चहाच्या रंगाचं पाणी, मग काळा चिखल. किती? पेंटचा एक लिटरचा डबा भरून वर. तळ वायर ब्रशने घासला. मधे सगळं बरं दिसत होतं, म्हटलं सुटलो. मग मागच्या पायाच्या पट्टीपाशी, जिथे ती टाकीला वेल्ड केलीय, तिथे रंगाचा फोड होता. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकत गेलो. टण, टण, टण, आणि तिथे 'थप'. फोड खरवडला तर खाली ओला गंज, नखाने निघणारा. टोक टेकवून दाबलं, आत गेलं.

माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर, पोरं गप्प. पाण्याच्या टेस्टचा प्रश्नच उरला नाही. याच पायाला टेकून आम्ही गेली बारा-तेरा वर्षं गाड्यांचे टायर उभे करतो.

टेस्ट सर्टिफिकेटसकट नवी टाकी १६ हजारांना मिळतेय, बेळगावहून चोर्ल्याच्या रस्त्याने येईल, चार दिवस लागतील. हेड तेच ठेवतोय, गॅस्केट आणि व्हॉल्व्हच्या पत्त्या तेवढ्या बदलून. रिंगा बघितल्या, चांगल्या आहेत. पांढरा पाइप उतरवला. चार दिवस शेजाऱ्याकडून हवा घेतोय, त्याला चवथीला नेवऱ्यांचा डबा कबूल केलाय.

वास्कोचा पेंटर
टाकी बदलताय ते बरं. बाकी माझं मत तेच. हेडने दगा दिला की इथेच येऊन सांगा, लपवू नका.

डिचोलीचा फिटर
सांगतील, दहा वर्षांनी. गॅरेजवालेबाब, एक राहिलं. जुनी टाकी भंगारात देताना गॅस कटरने मधोमध कापूनच द्या. कापण्याआधी दोन्ही तोट्या काढून उघडी ठेवा, आत ऑइलचा वास असतो. अख्खी दिलीत तर कुणीतरी तिला पत्रा लावून, रंग मारून पुन्हा विकेल.

कुर्टीचा गॅरेजवाला
मला विकली होती तशी. कापतो.