एलएफएस (लिनक्स फ्रॉम स्क्रॅच, सोर्समधून स्वतः बांधलेलं लिनक्स): पहिल्याच बूटला कर्नल पॅनिक, रूट माउंट होत नाही

प्रश्न
ग्रब (बूटलोडर) दिसतो, कर्नल (लिनक्सचा गाभा) लोड होतो आणि ‘अननोन-ब्लॉक(०,०)’ म्हणत पॅनिक, म्हणजे तिथेच सगळं थांबतं. डिस्क एनव्हीएमई (एसएसडीचा प्रकार), रूट (मुख्य फाइलसिस्टिम) दुसऱ्या पार्टिशनवर, ईएक्सटी४ प्रकारची. इनिट्रॅमएफएस (रूटआधी मेमरीत लोड होणारी छोटी तात्पुरती फाइलसिस्टिम) नाही. ग्रबमध्ये ‘रूट=’पुढे फाइलसिस्टिमचा यूयूआयडी (ओळखक्रमांक) दिलाय. होस्टवरून (ज्या लिनक्सवर हे बांधलं तिथून) हेच पार्टिशन व्यवस्थित माउंट होतं.

उत्तर १
यूयूआयडी काढा. तो फाइलसिस्टिमच्या आत लिहिलेला असतो आणि तो वाचून डिस्क शोधायचं काम इनिट्रॅमएफएसचं. एकटा कर्नल ते करत नाही. पार्टयूयूआयडी मात्र पार्टिशन टेबलातला, तो कर्नलला थेट कळतो. होस्टवर ‘बीएलकेआयडी’ चालवलंत की दोन्ही दिसतील.

उत्तर २
पॅनिकच्या वर कर्नल सापडलेल्या पार्टिशन्सची यादी छापतो, ती आधी वाचा. त्यात एनव्हीएमई नसेल तर ड्रायव्हर मॉड्यूल (कर्नलबाहेरची, नंतर लोड होणारी फाइल) म्हणून बांधला गेलाय. मॉड्यूल रूटवर, आणि रूट उघडायला मॉड्यूल हवं: किल्ली कुलूपबंद कपाटातच! मेन्यूकॉन्फिगमध्ये (कर्नलच्या सेटिंग्जचा मेन्यू) एनव्हीएमईसमोर ‘एम’ (मॉड्यूल) नको, तारा (*, म्हणजे कर्नलच्या आतच) हवा. काही इंटेल लॅपटॉपांत डिस्क व्हीएमडी या इंटेलच्या स्टोरेज कंट्रोलरमागे असते. मग तोही ड्रायव्हर आत घ्या.

प्रश्नकर्ता
पार्टयूयूआयडी दिला. आता पॅनिकमध्ये (०,०)ऐवजी (२५९,२) येतंय.

उत्तर २
म्हणजे डिस्क सापडली, फाइलसिस्टिम ओळखता येत नाही. ईएक्सटी४लाही तारा द्या.

उत्तर ३
आणि नवी बीझेडइमेज (बांधलेल्या कर्नलची फाइल) हाताने बूटमध्ये कॉपी करा. ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ ते करत नाही. बूटच्या पहिल्या ओळीत बिल्डची वेळ असते, जुनी दिसली तर जुनाच कर्नल चालतोय.