पित्ताची प्रकृती, अश्विनातलं ऊन आणि आपलं कोकणी जेवण

खाडीकाठ (राजापूर)
घरात माझी आणि मुलीची (वय १९) प्रकृती पित्ताची सांगितली आहे. गणपती गेले, ऊन तापायला लागलं की दोघींना सुरू होतं: घशाशी आंबट येणं, तळपायांची आग, तोंड येणं, भूक लागली की दम न निघणं. मुलीच्या अंगावर मधूनच पित्तही उठतं. ‘थंड खा’ एवढंच सगळे सांगतात. तर नेमकं विचारते. सोलकढी रोज चालेल का? आमसूल आंबट असून पित्तावर कसं देतात? मासे बंद करावे लागतील का? आणि सकाळी थंड दूध घेतल्यावर बरं वाटतं, पण तासाभरात पुन्हा जळजळ होते, ती का? जाणकारांनी कृपया लिहावं.

गुळवेल
ताई, आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. प्रकृती जन्माची, ती बदलत नाही. उष्मा सहन न होणं, घाम जास्त आणि त्याला वास, अंगावर तीळ, केस लवकर पिकणं, तीक्ष्ण भूक, मलप्रवृत्ती सैल, राग पटकन येणं, ही पित्तप्रकृतीची लक्षणं. हा आजार नव्हे आणि त्यावर औषध द्यायचं नसतं. घशाशी येणं, तोंड येणं ही विकृती. उपाय तिच्यावर.

तुमचा काळही ग्रंथातल्यासारखाच आहे. पावसाळ्यात पित्ताचा संचय होतो, शरदात एकदम ऊन पडलं की प्रकोप. अंग पावसाळी गारव्याला सवकलेलं असतं आणि अश्विनात दुपारी कातळ तापतो. म्हणून पथ्य श्रावणाच्या शेवटापासूनच धरावं. त्रास सुरू झाल्यावर धरलं तर निम्मा ऋतू निस्तरण्यातच जातो.

आता दूध. इथेच बहुतेकांचं चुकतं. सकाळी जीभ बघा. पांढरट थर, तोंडाला वास, पोट जड, आंबट ढेकर, जेवायची इच्छा नाही, तर ते साम पित्त, म्हणजे न पचलेल्या अन्नात मिसळलेलं. त्यावर दूध-तूप ओतलं की घटकाभर शमतं आणि मागून वाढतं, कारण ते पचवायला अग्नीच नाही. जीभ स्वच्छ, भूक कडकडून, नुसती आग आणि तहान, तर ते निराम. तिथे दूध, तूप, मनुका छान लागू पडतात. तुम्हाला तासाभरात पुन्हा जळजळ होते त्यावरून पहिला प्रकार वाटतो, पण जिभेवरून खात्री करा.

साम असेल तर एक-दोन दिवस हलकं: साळीच्या लाह्या मूठभर, दोन कप गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, गाळून, घोट घोट. दुपारी उकड्या तांदळाच्या कण्यांची पातळ पेज, कण्यांच्या आठपट पाणी घालून, चिमूटभर मीठ. जीभ साफ झाली की मगच तूप, पेजेवर एक चहाचा चमचा.

आग आणि तहान असेल तर धण्याचा हिम. २ मोठे चमचे (साधारण १० ग्रॅम) धणे जाडसर कुटून सहापट पाण्यात मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात रात्रभर ठेवायचे, सकाळी कुस्करून गाळून खडीसाखरेबरोबर प्यायचे. उकळायचे नाहीत, तो काढा होतो आणि गुण बदलतो.

माजघर
स्वयंपाकाचं मी लिहिते. कोकणातलं जेवण पित्ताला वाईट नाही. तांदूळ, ओलं खोबरं, शहाळं, पडवळ, दुधी, कोहळा हे सगळं पित्ताच्या बाजूचंच आहे. बिघडवतात तीन गोष्टी: मीठ, सुकी मिरची आणि आंबवलेलं.

आमसूल आणि आगळ एक नव्हे. आगळ म्हणजे भरपूर मीठ घालून टिकवलेला रस. खारट आणि आंबट दोन्ही पित्त वाढवतात, तेव्हा आगळाचा चमचा पाण्यात टाकून ‘पित्तावर औषध’ म्हणून देणं उलटं पडतं. आमसुलं करतानाही मिठाची पुटं दिलेली असतात, म्हणून ती आधी धुऊन घ्यावीत. ४-५ आमसुलं दोन वेळा खळबळून एक पेला पाण्यात दोन तास भिजवायची, कुस्करून गाळायची, चिमूटभर भाजल्या जिऱ्याची पूड, चमचाभर खडीसाखर. हे जेवणानंतर.

निघंटूत (वनस्पतींचे गुण सांगणाऱ्या आयुर्वेदाच्या ग्रंथांत) कोकम, म्हणजे वृक्षाम्ल, उष्णच सांगितलं आहे, त्यामुळे ते थंड असा दावा मी करणार नाही. मळमळ, अरुची, जड पोट असताना ते उपयोगी पडतं. तोंड आलं असेल, छातीत नुसती आग असेल तेव्हा नको.

सोलकढी रोज नको, आठवड्यातून दोनदा छोटी वाटी, तीही जेवणाच्या शेवटी. लसूण आणि हिरवी मिरची काढा. जिरं, कोथिंबीर पुरे. नारळाचा रस काढल्यावर दोन-तीन तासांत संपवा. या हवेत तो लगेच आंबतो आणि आंबलेली सोलकढी म्हणजे पित्ताला आमंत्रण.

आंबोळीऐवजी घावणे करा, पीठ ताजं भिजवलेलं. कुळथाची पिठी मृगाच्या पावसात उत्तम, पण कुळीथ उष्ण आणि विपाकाला (पचल्यानंतर) आंबट. अश्विनात त्याऐवजी मुगाचं कढण. रात्रीचं दही पूर्ण बंद.

माशांचं: चरकाने शरदात पाण्यातल्या प्राण्यांचं मांस टाळायला सांगितलंय. आणि आपल्याकडे पावसाळी बंदी उठून बाजार भरतो तो नेमका तेव्हाच! पण सुश्रुताने समुद्रातल्या माशांना फार पित्त न वाढवणारे म्हटलंय, म्हणून सरसकट बंदी नको. आठवड्यातून एक-दोनदा, दुपारच्या जेवणात, खोबरं-धणे-हळदीच्या फिक्या कालवणात. तिखलं, सुकट आणि रवा लावून तळलेलं हे महिना-दीड महिना बाजूला.

खाडीकाठ
खूप आभार. जीभ पांढरटच असते. मासे आणि सोलकढी एकत्र म्हणजे विरुद्ध आहार, असं एकांनी सांगितलं. खरं का? मुलीच्या अंगावर उठणाऱ्या गांधींबद्दलही सांगा. अविपत्तिकर चूर्ण घरात आहे, ते सुरू करू का?

गुळवेल
मासे विरुद्ध आहेत ते जनावराच्या दुधाशी. नारळाचा रस दूध नव्हे. तो नियम त्याला लागत नाही.

अंगावर उठणाऱ्या गांधी म्हणजे शीतपित्त. नावात पित्त असलं तरी सुरुवात गार वाऱ्याने बिघडलेल्या कफ-वातापासून होते, म्हणून बर्फ, थंड पाण्याची अंघोळ नको. धुतलेल्या आमसुलांचं कोमट पाणी अंगाला लावा, पंख्याखालून उठवा. मात्र मासे खाल्ल्यावरच उठत असेल तर नोंद ठेवा. बांगडा, सुरमई बर्फाविना राहिले की त्यांत हिस्टामीन तयार होतं आणि शिजवल्याने ते जात नाही. चेहरा लाल, डोकं ठणकणं, गांधी, हे ‘पित्त उठल्या’सारखंच दिसतं. कोलंबी-कुर्ल्यांची ॲलर्जी हा आणखी वेगळा भाग. ओठ-डोळे सुजले किंवा श्वास लागला तर घरगुती काही करत बसू नका, थेट दवाखाना.

अविपत्तिकर आपल्या मनाने नको. त्यात निम्मी साखर असते, आणि त्यातली निशोत्तर ही वनस्पती रेचक (जुलाब करणारी) आहे. मधुमेहींनी, गर्भवतींनी विचारल्याशिवाय घेऊ नये. शरदातलं विरेचनही (औषधाने जुलाब करवणं) वैद्यांच्या देखरेखीखालीच, आधी स्नेहपान (औषधी तूप पिणं) करून.

तळपायांना रात्री काशाच्या वाटीने तूप चोळा, प्रत्येक पायाला १० मिनिटं. तळवा काळा होतो ती ‘बाहेर पडलेली उष्णता’ नव्हे, तुपातल्या आम्लाची धातूशी झालेली क्रिया आहे. आराम वाटेल तेवढंच चोळा, काळेपणा मोजत बसू नका. जीभ पांढरी असताना हे चालतं, कारण तूप पोटात जात नाही.

माजघर
एक भर. रिकाम्या पोटी चहा आणि रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळ्या यांनी वरचं सगळं पथ्य वाया जातं. डांबरासारखी काळी शौच, उलटीत रक्त, विनाकारण वजन उतरणं, छातीतली कळ डाव्या हातात जाणं, यांपैकी काहीही दिसलं तर ते ‘पित्त’ समजून आमसुलाचं पाणी देत राहू नका. लगेच डॉक्टरांकडे न्या.